गाईंना काय कळलं होतं

भाऊ दवाखान्यातून तेराव्या दिवशी घरी आले आणि घरात पाऊल न टाकता थेट गोठ्याकडे वळले. वहिनी हातात औषधांची पिशवी घेऊन मागून ओरडत राहिल्या, "अहो, आधी बसा तरी! गाई काही पळून जात नाहीत!"

त्या दोघांना सगळेच भाऊ आणि वहिनी म्हणायचे. दूध न्यायला येणारा गाडीवाला, गुरांच्या डॉक्टरीणबाई, विजेची कामं करणारा वायरमन, कोणाच्याच तोंडी दुसरं नाव नसायचं. दोघंही साठीच्या आगेमागे. एकच लेक, ती लग्न होऊन लांबच्या शहरात. घरामागे लांबट गोठा होता. खाली सिमेंटची जमीन, दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे कठडे, एका टोकाला दूध काढायचं मशीन, मधोमध पाण्याची मोठी लोखंडी कुंडी. आणि अकरा गाई.

भाऊंच्या छातीत कळ आली तेव्हा ते याच गोठ्यात होते. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि घरी सोडताना सांगितलं, "जपून राहा." एवढंच. पण भाऊंनी ते दोन शब्द असे काही मनावर घेतले होते की गाडीत बसल्यापासून त्यांच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं.

गोठ्यात मात्र त्यांचा चेहरा खुलला. सगळ्यात थोरली गाय होती तिला ते मास्तरीण म्हणत, कारण बाकीच्या दहाजणी तिच्या धाकात असायच्या. तिने भाऊंची बाही हुंगली, मग खरखरीत जिभेने मनगटापासून कोपरापर्यंत चाटून काढली. भाऊ म्हणाले, "बघ, ओळखलं." जणू काही बारा दिवसांत गाय माणूस विसरते.

त्याच संध्याकाळी लाजरीने त्यांना लाथ मारली.

लाजरी म्हणजे अख्ख्या गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय. तिने आयुष्यात माशीवरसुद्धा शेपटी जोरात मारली नसेल. भाऊंनी तिच्या सडांना मशीनचे कप लावले आणि ती पाय आपटायला लागली. एकदा डावा, एकदा उजवा, जणू जमीन तापली आहे. मग एकदम मागचा पाय उडाला आणि कप खडखडत लांब जाऊन पडले.

"बारा दिवस दुसऱ्याचा हात लागलाय ना, सवय मोडली असेल," वहिनी म्हणाल्या. भाऊ दवाखान्यात असताना शेजारचा दूधवाला येऊन धारा काढून जात होता.

पण दुसऱ्या दिवशी मास्तरीणही तसंच करायला लागली. आठवड्याभरात अकराच्या अकरा. धारेच्या वेळी अंगाला कापरं, पाय नाचवायचे, पान्हा सोडायचा नाही. पाण्याजवळ तर आणखी विचित्र. कुंडीशी यायच्या, तोंड खाली न्यायच्या आणि चटकन मागे घ्यायच्या. मग लांबून मान ताणून, मांजरीने दूध प्यावं तशा जिभेच्या टोकाने दोन-चार चाटे मारायच्या आणि निघून जायच्या. एरवी एका दमात बादलीभर पाणी ओढणारी जनावरं ही! सकाळी दुधाचे तीन कॅन भरायचे, तिथे दोन भरायची मारामार झाली.

डॉक्टरीणबाई आल्या. ताप पाहिला, कास चाचपली, जबडे उघडून पाहिले, वैरण हुंगली, दुधाचे नमुने नेले. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी होती.

"भाऊ, आजार काहीच नाही. कास चांगली आहे, दूध चांगलं आहे. या कशाला तरी घाबरतायत."

"कशाला?"

"आता ते त्यांनाच विचारायला हवं," त्या सहज म्हणाल्या आणि हात धुवायला नळाकडे गेल्या.

भाऊ मात्र होते तिथेच उभे राहिले.

कारण त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, आणि ती पाहून कोणालाही बोलले नव्हते. दुपारी वहिनी गाईंना मागच्या मोकळ्या अंगणात सोडायच्या. तिथे मातीवर वैरण टाकायच्या, प्लास्टिकच्या टबात थोडं पाणी ठेवायच्या. त्या वेळी या सगळ्या अगदी शहाण्यासारख्या असायच्या. रवंथ करायच्या, वहिनींच्या पदराला तोंड पुसायच्या, टबातलं पाणी तळापर्यंत संपवायच्या. मग संध्याकाळी भाऊ गमबूट चढवून गोठ्यात शिरले, मशीन लावलं, की त्याच गाई डोळे पांढरे करायच्या. याचा अर्थ एकच निघत होता, आणि भाऊंनी तो काढला.

त्यानंतर ते हळूहळू बदलले. धारा काढायचे, पण गाईंशी बोलायचे नाहीत. पूर्वी गोठ्यात त्यांची अखंड बडबड चालायची. कोणी जेवलं का, कोणाचं कोणाशी भांडण झालं, काल लेकीचा फोन आला होता, सगळं ते गाईंना सांगायचे. वहिनी म्हणायच्या, घरातल्या बातम्या मला गोठ्यातून कळतात. आता मशीनचा आवाज तेवढा येई. काम संपलं की भाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काहीतरी लिहीत बसायचे. वहिनींना वाटलं, डॉक्टरांनी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलाय, ते असेल.

एका दुपारी वहिनी गोठ्यातल्या कपाटात मलम शोधत होत्या. बाटल्यांच्या मागे एक शाळकरी वही सापडली. उघडली तर भाऊंचं तिरपं अक्षर, एकेका गाईला एकेक पान.

"लाजरी. डाव्या बाजूने जायचं. उजवीकडून गेलं की दचकते. कास पुसायला पाणी कोमट घ्यायचं. हिला घाईचा माणूस चालत नाही."

"मास्तरीण. हिला सगळ्यात आधी आत घ्यायचं, नाहीतर बाकीच्या दारात अडून बसतात. रागावली तर कानामागे खाजवायचं, पण लगेच नाही. थोडा वेळ राग धरू द्यायचा. तेवढा तिचा मान आहे."

"ठिपकी. पेंड आधी दाखवायची, मग कप लावायचे. लाच घेते, पण कामाची पक्की आहे."

वहिनी वाचता वाचता हसल्या. अकरा पानं झाली. बाराव्या पानावर वर एकच शब्द होता, "तू."

"तू. गुडघा दुखत असताना वैरणीचा भारा उचलायचा नाही. शेजारी हाक मारायची. हाक मारायला लाजायचं नाही. पोरगी ये म्हणाली तर जाऊन राहायचं, गाईंचं निमित्त सांगायचं नाही. गाई शेवटी विकल्या तरी चालतील. मास्तरीण मात्र"

पुढे काही नव्हतं. वाक्य तिथेच तुटलं होतं.

वहिनी बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. मग वही घेऊन घरात गेल्या. भाऊ खिडकीशी आडवे झाले होते, जागेच होते. वहिनींनी वही त्यांच्या छातीवर ठेवली. ठेवताना जपून ठेवली, जाळी बसवली होती ती बाजू सोडून.

"हे काय आहे?"

भाऊ उठून बसले. "अगं, सहज. पुढेमागे तुला उपयोगी पडेल म्हणून."

"पुढे का मागे, ते सांगा."

भाऊंनी वही मिटून मांडीवर घेतली.

"डॉक्टर काही बोललेत का तुम्हाला? मला न सांगता?"

"नाही गं. डॉक्टर म्हणतात सगळं झक्क आहे." त्यांनी वहीचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. "डॉक्टरांना काय कळतंय. जनावरांना आधी कळतं."

"काय कळतं?"

"वास येतो त्यांना. माझे वडील गेले ना, त्याच्या आधी महिनाभर त्यांची लाडकी गाय त्यांना जवळ येऊ देत नव्हती. पोटाशी हात नेला की थरथरायची. मी पाहिलंय. तू तेव्हा घरात नवी होतीस." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू गेलीस की शांत असतात. मी गेलो की कापतात. आता आणखी कोणाला विचारायचं?"

वहिनींचा स्वभाव असा की जेवढी भीती जास्त तेवढी जीभ तिखट.

"तुमच्या वडिलांच्या अंगाला तंबाखूचा वास यायचा. मीसुद्धा लांब उभी राहायचे."

भाऊ हसले नाहीत. मग वहिनी त्यांच्याजवळ टेकल्या आणि नुसता त्यांचा हात हातात धरून राहिल्या. दुपारची गाई अंगणात सोडायची वेळ टळून गेली, तरी कोणी उठलं नाही.

संध्याकाळी गमबूट वहिनींनी घातले. ते दोन नंबर मोठे होते. "आजपासून धार मी काढणार. तुम्ही स्टुलावर बसा आणि शिकवा. वही पाठ आहे माझी."

लाजरीच्या डावीकडून गेल्या, कोमट पाण्याने कास पुसली, घाई केली नाही. कप लावले. लाजरी नाचायला लागली, आणि तिचा खूर वहिनींच्या दंडाला लागून गेला. कळ डोक्यापर्यंत गेली, पण त्या आनंदाने ओरडल्या, "बघा! बघितलंत ना? मलाही मारलं! मीसुद्धा मरणार आहे का?"

भाऊ धावत आले, दंड चोळायला लागले. "असं वेडंवाकडं बोलू नकोस. तुला माझा वास लागलाय, दुसरं काय. माझे बूट घातलेस ना."

असा माणूस समजावायचा कसा? एकदा मनाने घेतलं की जे दिसेल ते त्याच खुंटीला टांगायचं. वहिनी दुसऱ्या दिवशी स्वतःचे बूट घालून गेल्या, तिसऱ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून गेल्या. गाई तशाच. आणि भाऊंकडे प्रत्येकाचं उत्तर तयार.

मग एका सकाळी वीज गेली.

कंपनीचं लाइनवर कुठेतरी काम होतं, अख्ख्या भागात अंधार. म्हणजे दिवस उजाडत आला होता, पण मशीन बंद. गाईंना थोडंच थांबा म्हणता येतं? दोघांनी दोन बादल्या घेतल्या आणि हाताने धार काढायला बसले. भाऊंनी किती महिन्यांनी असं लाजरीच्या कुशीला कपाळ टेकवलं असेल! ती हललीसुद्धा नाही. बादलीत धारेचा आवाज आधी टणटण, मग भरत गेला तसा जाड होत गेला. फेस वर आला. शेजारी वहिनींच्या हाताखाली ठिपकी उभ्या उभ्या डुलक्या घेत होती.

आणि मास्तरीण कुंडीकडे गेली. तिने तोंड खाली नेलं, नाकपुड्या बुडवल्या आणि प्यायला लागली. वहिनी धार सोडून बघतच राहिल्या. गळ्याखालून एकेक घोट सरकताना दिसत होता. वीस, तीस, चाळीस. तिने मान वर काढली, श्वास घेतला आणि पुन्हा घातली. तिच्यामागे बाकीच्यांची रांग लागली, ढकलाढकली सुरू झाली.

"अहो, बघा!"

भाऊ बघतच होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "आज त्यांना माझी दया आली गं," ते म्हणाले.

तेवढ्यात वीज आली. गोठ्यातला दिवा लागला. कुंडीत तोंड घातलेल्या मास्तरणीने थोबाडीत बसावी तशी मान मागे झटकली आणि दोन पावलं मागे आली. तिच्या ओठांवरून पाणी गळत होतं. बाकीच्या जागच्या जागी थिजल्या.

वहिनींनी दिव्याकडे पाहिलं. मग गाईकडे. मग पुन्हा दिव्याकडे.

"तुमची दया कसली," त्या हळूच म्हणाल्या. "ही त्या विजेची भानगड आहे."

वायरमनला सगळे टेस्टर म्हणायचे, कारण तो टेस्टर खिशात न ठेवता कानामागे ठेवायचा, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. तो आला, मशीन तपासलं, वायरी तपासल्या, डोकं खाजवलं.

"वहिनी, तुमची वायरिंग चोख आहे. मीच केलीय, म्हणून सांगत नाही."

"कुंडी बघ."

"कुंडीला वायरच नाही, तिथे काय बघू?"

"बघ म्हणते ना."

त्याने मीटर काढला. एक टोक कुंडीच्या कडेला लावलं, दुसरं ओल्या जमिनीवर, गाई उभ्या राहतात तिथे. आकडा हलला. दोन पूर्णांक आठ.

"हॅ! पावणेतीन व्होल्ट. एवढ्यावर तर मुलांचं खेळणं पळत नाही धड. हे बघा." त्याने हात कुंडीत घातला. "काही आहे? काही नाही."

"तुझ्या पायात रबरी बूट आहेत," वहिनी म्हणाल्या. "गाईला बूट नसतात."

टेस्टरने बूट काढले, मोजे काढले, ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहिला आणि पुन्हा हात घातला. "अंहं. आपली कातडी जाड असते. काही लागत नाही."

भाऊ आतापर्यंत कठड्याला टेकून ऐकत होते. ते पुढे आले. गमबूट काढून बाजूला ठेवले. मग ओल्या सिमेंटवर गुडघे टेकले, दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले आणि म्हणाले, "माणसाला मारेल इतकं आहे का रे?"

"छे छे. पण भाऊ, तुम्ही काय..."

भाऊंनी मान पुढे केली आणि गाय प्यावी तसं कुंडीच्या लोखंडी कडेला ओठ टेकवून पाण्यात तोंड घातलं.

ते एकदम मागे आले. पाण्याचे थेंब हनुवटीवरून गळत होते. त्यांनी ओठांवर बोटं ठेवली.

"मुंग्या," ते म्हणाले. "आंबट मुंग्या. जिभेला चावल्यासारखं." मग त्यांनी मान वळवून गाईंकडे पाहिलं. अकरा तोंडं कठड्यावरून त्यांच्याकडे बघत होती. "तहानलेल्या होत्या गं. महिनाभर तहानलेल्या होत्या, आणि मी माझंच घेऊन बसलो होतो."

वहिनींनी त्यांना हात देऊन उठवलं. टेस्टर आपले बूट घालण्यात फार गुंतल्यासारखं दाखवत होता.

मग त्याने मेन स्विच पाडला. घरातलं, गोठ्यातलं सगळं बंद. पुन्हा मीटर लावला. आकडा जवळजवळ तेवढाच. टेस्टरने शीळ घातली. "म्हणजे हे तुमच्या घरचं नाहीच. बाहेरून येतंय, लाइनवरून. वहिनी, कसं आहे, वीज येते तशी तिला परतही जावं लागतं. परतीची वेगळी तार असते. त्या तारेवर कुठे जोड खराब झाला असेल तर ती जमिनीतून, नळातून, सापडेल त्या वाटेने परत जायला बघते. तुमचा गोठा त्या वाटेत आलाय. सगळी लाइन बंद असते तेव्हाच काय ते शांत."

"मग आमच्या दुपारी शांत का असतात?"

"दुपारी त्या मातीवर असतात, लोखंडाला तोंड लावत नाहीत. आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचे पंप एकदम चालू, तेव्हा परत जाणारी गर्दीही जास्त."

वहिनी वीज कंपनीच्या कचेरीत गेल्या. भाऊंना त्यांनी नेलं नाही, जिने होते. खिडकीमागच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"दोन-तीन व्होल्टची तक्रार? बाई, एवढ्याने मुंगीसुद्धा मरत नाही."

"मला मुंगी मारायची नाही, साहेब. गाईला पाणी पाजायचंय."

"आमच्या नियमात हे बसतं."

"गाईच्या बसत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेब अवघडले. आतल्या टेबलावर एक तरुण इंजिनीअर बाई नकाशा पसरून बसली होती. ती उठून खिडकीशी आली. "गाई पाणी चाटतात का? मांजरीसारख्या?" तिने विचारलं.

वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू माहेरचं माणूस भेटलं. "अगदी तस्सं! तुला कसं कळलं गं?"

"कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं. तेव्हा आम्हाला खोटं वाटलं होतं," ती म्हणाली. "परवा येते."

ती खरंच आली. नोंद करणारी एक पेटी तिने कुंडीला जोडली आणि एक दिवस ठेवली. तोवर भाऊंनी कुंडी रिकामी केली होती आणि गोठ्याच्या दाराशी मातीवर प्लास्टिकचं पिंप ठेवलं होतं. धारा हाताने काढायचे. बोटं दुखायची, पण तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी इंजिनीअर बाईने पेटीतून निघालेली रेघ दाखवली. सकाळी डोंगर, संध्याकाळी डोंगर, मध्ये सपाट.

"आता खांब बघू," ती म्हणाली.

तिसऱ्या खांबावर सापडलं. परतीच्या तारेचा जोड नुसता पीळ देऊन बांधलेला होता, वर पांढरट काळपट बुरशीसारखी पूड चढलेली. तिने कंपनीच्या नोंदवहीत बघून सांगितलं, "गेल्या महिन्यात वादळात इथे फांदी पडून तार तुटली होती. अठरा तारखेला जोडलीय. घाईत."

"अठरा?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"नक्की अठरा?"

"हे बघा ना, लिहिलंय."

भाऊ एकोणीस तारखेला घरी आले होते. ते खांबाखालच्या दगडावर जाऊन बसले. वहिनी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो खांदा हलायला लागला. वहिनींना वाटलं रडतायत. वाकून पाहिलं तर हसत होते. मग दोन्ही एकदम चाललं होतं असं त्यांच्या लक्षात आलं.

जोड नव्याने, तारा घट्ट आवळणारी धातूची पकड लावून केला गेला. टेस्टरने गोठ्यातलं सगळं लोखंड, कठडे, कुंडी, मशीन, एका जाड तारेने एकमेकांना जोडलं आणि ती तार जमिनीत खोल पुरली. मीटर लावला. आकडा शून्याच्या इतका जवळ की त्याने मीटरवर टिचकी मारून पाहिली.

"झालं काम. आता पाजा पाणी."

भाऊंनी कुंडी भरली. एकही गाय पुढे आली नाही.

"आता काय?" वहिनी म्हणाल्या.

"त्यांना मीटर थोडाच वाचता येतो," टेस्टर म्हणाला.

मग भाऊंनी जे केलं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दाराशी असलेलं पिंप ते रोज हातभर आत सरकवायचे. आज उंबऱ्यापर्यंत, उद्या सिमेंटवर, परवा पहिल्या कठड्यापाशी. पाणी प्यायची वेळ झाली की स्वतः कुंडीजवळ अनवाणी उभे राहायचे, एक हात पाण्यात घालून ठेवायचे आणि बोलायचे. त्यांची बडबड परत सुरू झाली होती. लेकीचा फोन, टेस्टरचे मोजे, साहेबांचा चष्मा, सगळं. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायच्या आणि हातातलं काम सोडून उभ्या राहायच्या.

सहाव्या दिवशी लाजरी आली. तीच आधी येईल असं कोणाला वाटलं नव्हतं. तिने भाऊंच्या पाण्यातल्या हाताला नाक लावलं, हात हुंगला, आणि हाताच्या शेजारी तोंड बुडवलं. भाऊंनी श्वास रोखून धरला. ती पीत राहिली. मग ठिपकी. मग दोघी-तिघी. मशीनला मात्र वेळ लागला; आधी नुसतं चालू करून ठेवायचं, मग रिकामे कप वाजवायचे, मग कुठे लावायचे. दूध हळूहळू वाढलं. दोघीजणी त्या वर्षी पुरत्या आटल्या, त्या आटल्याच. त्यांचं गेलेलं दूध काही परत आलं नाही, आणि भाऊ त्यांच्याजवळून जाताना दर वेळी पाठीवरून हात फिरवायचे.

मास्तरीण सगळ्यात शेवटपर्यंत अडून राहिली. पिंप कुंडीला टेकलं तरी ती पिंपातलंच प्यायची आणि कुंडीकडे पाठ करायची. भाऊंनी तिला एकदाही ओढलं नाही. सोळाव्या दिवशी सकाळी दोघं गोठ्यात शिरले तर ती आधीच कुंडीशी उभी होती, तोंड पाण्यात, बाकीच्या दहाजणींना मागे थोपवून. दोघंही दारातच थांबले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वहिनींनी भाऊंचं मनगट धरलं होतं.

त्याच आठवड्यात एक लाइनमन सायकल लोटत दाराशी आला. मध्यम वयाचा, खांद्यावर दोराचं वेटोळं. आत यायला तयार होईना. "तो जोड माझा होता," तो म्हणाला. "त्या दिवशी वादळाने तेवीस ठिकाणी तारा तुटल्या होत्या. मी सकाळपासून खांबावर होतो. जोडाच्या पकडी संपल्या होत्या. म्हटलं, आत्तापुरतं बांधू, उद्या येऊन नीट करू. उद्या राहूनच गेलं."

वहिनींच्या मनात बोलायचं पुष्कळ होतं. पण भाऊ पुढे झाले. "तेवीस ठिकाणी? एकटेच?"

"जोडीदार आजारी होता."

"बसा," भाऊ म्हणाले. "चहा घेऊन जा." मग त्याला गोठ्यात नेऊन त्यांनी एकेका गाईची ओळख करून दिली, पाहुण्याला घरची माणसं दाखवावी तशी. लाइनमनने लाजरीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. जाताना म्हणाला, "आम्हाला खांबावरून नुसती घरं दिसतात."

महिन्याने भाऊंची तपासणी होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कागद पाहिले, सगळं उत्तम आहे म्हणाले, रोज चालायला सांगितलं. परत येताना बसमध्ये वहिनींनी विचारलं, "काय मग? आता पटलं का, की अजून गाईंचं मत घ्यायचंय?"

"घेतलं सकाळीच."

"काय म्हणाल्या?"

"ठिपकी म्हणाली, पेंड बदला."

वहिनी एवढ्या हसल्या की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, आणि मग ते डोळे पुसणं जरा जास्तच वेळ चाललं. भाऊंनी त्यांच्या मांडीवरची औषधांची पिशवी उचलून आपल्याकडे घेतली.

हल्ली संध्याकाळच्या धारा आटोपल्या की दोघं फिरायला जातात. भाऊंना चालायला सांगितलंय, वहिनींना कोणी सांगितलेलं नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं. भाऊ भरभर चालतात, मग थांबतात, वहिनी गाठेपर्यंत उभे राहतात. वहिनी म्हणतात, "थांबू नका माझ्यासाठी, दम लागेल असं चालायला सांगितलंय ना?" आणि भाऊ म्हणतात, "थांबल्यावरच लागतो मला." मग दोघं एका चालीने पुढे जातात.